सत्तरवर काटा

रविवारी सकाळी आठ वाजता बाबांनी पेटीसमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला, काट्याच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "सत्तर."

"काल किती होता?" सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सत्तर."

"मग चहा घ्या आता. काटा काही पळून जात नाही."

"काटा नाही पळत. ओल पळते," बाबा म्हणाले, पण उठले.

चौतीस वर्षं बाबा बॉयलर इन्स्पेक्टर होते. कारखान्या-कारखान्यांतून फिरत वाफेच्या दाबाचे काटे तपासायचे. त्यांनी सही केलेला एकही बॉयलर कधी फुटला नाही, हे ते स्वतः सांगत नसत. दुसऱ्याने सांगेपर्यंत विषय तिथेच घोळवत ठेवत. निवृत्तीनंतर देवाने त्यांना एकच काटा ठेवला, तोही बाटलीच्या झाकणाएवढा. पण सेवा काही देवाच्या आकारावर ठरत नाही. मोठ्या बॉयलरपुढे ते जितके नीट उभे राहत, तितकेच या पेटीपुढे नीट बसत.

आता ही पेटी काय होती, ते सांगून पुढे जाऊ. बाबांच्या वडिलांचं, अण्णांचं, तंबाखूचं दुकान होतं. अण्णांनंतर ते मोठ्या काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, पन्नास वर्षं चालवलं. दुकान बंद झालं तेव्हा मागे राहिली ती अण्णांनी स्वतः निवडून ठेवलेली एकतीस सिगारची पेटी: आतून वासाच्या लाकडाची, झाकण घट्ट बसणारी, आत एका डबीत ओला स्पंज आणि झाकणाला ओल दाखवणारा काटा. सिगार म्हणजे शेवटी पानच. कोरडी पडली की तडकते, भिजली की फुगून बुरशीला बोलावते. शंभरातली सत्तर ओल, ना फार वर ना फार खाली, एवढंच तिचं मागणं. काकांची खोली चौथ्या मजल्यावर, गच्चीखाली, उन्हाळ्यात भट्टी. म्हणून अकरा वर्षांपूर्वी पेटी बाबांकडे आली. घरात ओढणारं कुणी नाही. बाबांनी एकदाच ओढली होती, सतराव्या वर्षी, दुकानाच्या मागच्या दाराशी, आणि दोन दिवस अंथरुणात काढले होते.

आज काका पेटी बघायला येणार होते. नुसती बघायला नव्हे. मागच्या महिन्यात ते चौथ्या मजल्याच्या जिन्यात घसरले. हाड वाचलं, पण बाबांची झोप गेली. त्या दिवसापासून बाबांनी रोज फोन लावला: दादा, खालची खोली आहे, इकडे ये. आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकांनी रोज नाही म्हटलं. शेवटी कंटाळून त्यांनी अट घातली. "ज्या घरात अण्णांच्या सिगार जगल्या असतील, तिथे मीही जगेन. त्या मेल्या असतील, तर मला माझा चौथा मजला बरा."

ही अट ऐकून बाबांना इतका आनंद झाला की फोन ठेवायचं विसरून ते काट्याकडे बघत बसले. सत्तर.

*

स्वयंपाकघरात मात्र वेगळंच सरकार स्थापन होत होतं.

"खालची खोली म्हणजे माझी खोली," धाकटा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला. तो पियानो लावायचा; लोकांच्या घरी जाऊन सूर जुळवायचा आणि फार बिघडलेले पियानो खाली आणून उघडायचा. "दोन पियानो उघडे पडलेत तिथे. एकाच्या तारा काढल्यात. ते कुठे नेऊ? माझ्या पलंगावर?"

"हळू बोला भाऊजी."

"वहिनी, तुला चालणार आहे का दोन-दोन म्हातारे? खरं सांग."

सुनेने कांदा चिरता चिरता खरं काय ते मनात बघितलं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजून घरी येऊन आपल्या म्हाताऱ्याच्या मोजायच्या. त्यात आणखी एक, तोही असा की ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकाला सुद्धा "हे तुम्हाला झेपायचं नाही" म्हणून परत पाठवलं.

"माझ्या चालण्या-न चालण्याचं काय आहे त्यात," ती म्हणाली. "काटा सत्तरवर आहे. काका बघणार, हो म्हणणार."

"एखाद्या वेळी झाकण उघडं राहतं," धाकटा कांद्याकडे बघत म्हणाला. "कुणाच्याही हातून."

सुरी थांबली. "भाऊजी."

"मी फक्त म्हटलं."

"मीही काल रात्री फक्त मनात आणलं होतं," ती म्हणाली, आणि दोघंही इतके ओशाळले की धाकट्याने न सांगता कोथिंबीर निवडायला घेतली.

एवढ्यात थोरला, तिचा नवरा, पाणी प्यायला आला. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हात असताना तो तासभर बोलू शकायचा. ज्याचं तोंड मोकळं आहे त्याच्यापुढे त्याला शब्द सुचत नसे.

"तुझं मत काय रे, दादा? काकांनी यावं का?" धाकट्याने विचारलं.

"यावं," थोरला म्हणाला. बायकोकडे बघितलं. "म्हणजे, तसं नाहीही." पाणी प्यायला आणि गेला.

"झालं," सून म्हणाली. "आता दोन्हीकडून एकेक मत पडलं."

*

काका दहाला दहा मिनिटं असताना आले. काठी होती, पण ती टेकण्यासाठी नसून दाखवण्यासाठी असल्यासारखी धरली होती. धाकट्याने हात पुढे केला, तर त्यात टोपी दिली.

"बस, दादा. आधी पाणी घे," बाबा म्हणाले.

"पाणी तू पेटीत घाल. मला पेटी दाखव."

बाबांनी पेटी टेबलावर आणून ठेवली आणि काट्यावर बोट ठेवलं. "सत्तर. अकरा वर्षं. एक दिवस चुकला नाही."

काकांनी काट्याकडे बघितलंच नाही. बाबांना ते खटकलं. बॉयलरपाशी येऊन काटा न वाचता लोखंडाला हात लावणाऱ्या माणसाला ते चौतीस वर्षं बाहेर काढत आले होते.

काकांनी झाकण उघडलं आणि नाक आत नेलं. बराच वेळ तसेच राहिले. मग एक सिगार उचलली, कानाशी धरली, अंगठा आणि बोट यांत हलकेच दाबली. काकांनी ती ठेवली, दुसरी घेतली. तिसरी. चौथीला त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवलं.

"अरे," ते म्हणाले, "या बुडाल्यात."

"काय?"

"दाब. दाब ना. स्पंज आणि ही, दोन्ही हातांत घे आणि सांग कुठली कोण. वरचं पान फुगलंय. हिला खालच्या टोकाला चीर गेलीय. आणि हे पांढरं बघ."

"ते तेल फुलतं असं म्हणतात, जुन्या झाल्या की."

"तेल फुलतं तेव्हा चमकतं. हे केसाळ आहे. बुरशी आहे ही." त्यांनी जिभेने चुकचुक केलं. "ऐंशी ओल असेल पेटीत. ऐंशीच्या खाली नाही."

"काटा सत्तर म्हणतोय, दादा."

"काट्याला म्हणू दे."

बाबांचे कान लाल झाले. "काटा मी तपासलेला आहे. दर वर्षी पहिल्या तारखेला. झाकणभर मीठ, त्यात थोडं पाणी, नुसतं ओलसर होईल एवढं. ते आणि काटा एका बंद डब्यात, एक दिवस, एक रात्र. मिठाच्या डब्यात ओल पंचाहत्तर होते. निसर्गाचा नियम आहे तो, माझा नाही. तीन वर्षांपूर्वी काटा पंचाऐंशी दाखवायला लागला होता. म्हातारा झाला म्हणून मागचा स्क्रू फिरवून मी त्याला दहाने खाली आणलं. तेव्हापासून दर वर्षी पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर. केसभर इकडे नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आठ वर्षं स्क्रूला हात लावावा लागला नव्हता."

काकांनी भुवया वर केल्या. पन्नास वर्षं दुकानात बसलेला माणूस. माल बदलला की आधी पुरवणाऱ्याचा विचार करणारा.

"मीठ कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मीठ म्हणजे मीठ. घरातलं. मी आणतो."

"तू बस. मी आणतो. स्वयंपाकघर सरळ ना?"

*

काका आत आले तेव्हा सून भात निवत ठेवत होती. ओट्यावरची मिठाची बरणी तिने दाखवली, आणि दाखवता दाखवताच तिचा हात थबकला, कारण काकांनी झाकण काढून चिमूट जिभेवर ठेवली होती. दुकानदाराची खोड. जे हाताखाली येईल ते आधी चाखायचं.

काकांचा चेहरा आधी विचारात पडला, मग वाकडा झाला. "हे मीठ नव्हे. मागून कडू लागतंय."

सुनेने दाराकडे बघितलं. मग गॅस बंद केला.

"काका, मिठासारखंच असतं ते. नेहमीच्या मिठाने बाबांचा रक्तदाब वर जातो. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मीठ बंद करा म्हटलं, तर बाबा त्यांना म्हणाले, मी दाबाचं शिक्षण घेतलंय, मला शिकवू नका. चार दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. मग डॉक्टरांना विचारूनच हे दुसरं आणलं आणि जुन्या बरणीत भरलं. त्यांना कळलं नाही. दाब खाली आला. ते म्हणतात, चालण्यामुळे आला."

"चालतो का तो?"

"फाटकापर्यंत."

काका बरणीकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांचे कोपरे हलू लागले होते. "म्हणजे माझा भाऊ डब्यात हे घालून बसला. याची ओल पंचाहत्तर होत नसणार. पंचाऐंशी होत असणार. काटा बिचारा खरं सांगत होता आणि याने त्याला दहाने खोटं बोलायला लावलं. मग खोटे सत्तर व्हावेत म्हणून तीन वर्षं पाणी पाजत राहिला."

सून खाली बसली. स्टूल होतं म्हणून बरं. "म्हणजे सिगार माझ्यामुळे गेल्या?"

"मिठामुळे."

"बाबांना सांगणार तुम्ही?"

"मी खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "पण विचारल्याशिवाय सांगतही नाही. दुकानात हीच रीत होती माझी."

आणि इथे एक गोष्ट सुनेच्या लक्षात आली, जी तिला अजिबात आवडली नाही. तिला हवं होतं तेच झालं होतं. सिगार मेल्या, अट मोडली, काका परत जाणार, खालची खोली धाकट्याची राहणार. झाकण उघडं ठेवायची गरजच पडली नाही. तिने सगळ्यांचं भलं करता करता तीन वर्षांपूर्वीच ते काम उरकून ठेवलं होतं.

*

बाहेर बाबा पेटीसमोर बसले होते. त्यांनी काटा झाकणापासून सोडवला होता आणि तळहातावर ठेवला होता, मेलेलं पाखरू ठेवतात तसा.

"हात गेला माझा," ते धाकट्याला म्हणाले. "आयुष्यभर काटे वाचले आणि शेवटी एवढासा काटा लावता आला नाही. किती बॉयलरवर सह्या केल्या रे मी?"

"बाबा, ते वेगळं होतं."

"काय वेगळं? काटा तो काटा." त्यांनी खालच्या खोलीच्या जिन्याकडे बघितलं. "पडदे धुऊन आणले होते मी खोलीसाठी. तुझ्या पियानोमागे ठेवलेत. सांगायचं राहिलं तुला."

धाकट्याला ते पडदे काल दिसले होते आणि त्याने ते पियानो पुसायचं कापड म्हणून वापरले होते. पियानोतला सूर उतरतो तो एकदम नाही, कसा हळूहळू उतरतो, हे ओळखणं त्याचं रोजचं काम होतं. बापाचा आवाज तसा उतरलेला त्याने पहिल्यांदा ऐकला. "बाबा, काका राहू देत ना," तो म्हणाला. "माझे पियानो मी कुठेही नेईन."

"तुझ्या म्हणण्याने काय होणार? अट त्याची आहे. आणि तो शब्दाचा पक्का. चौथ्या मजल्यावर मरेल, पण शब्द मोडणार नाही."

"बरोबर आहे," थोरला म्हणाला. कशाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक.

काका दारात आले. बरणी त्यांच्या हातात नव्हती. ती मागून आली, सुनेच्या हातात.

"बाबा, हे मीठ मी बदललंय," ती म्हणाली.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: डॉक्टर, बरणी, तीन वर्षं, फाटकापर्यंतचं चालणं. मधे थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. शेवटी म्हणाली, "तुमचा काटा चुकला नव्हता. मिठाच्या जागी दुसरंच होतं. चूक माझी आहे."

बाबा रागाने लाल होतील म्हणून थोरला दोन पावलं मागे सरकला. पण बाबांनी तळहातावरचा काटा डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे काटा बरोबर होता," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"स्क्रू फिरवायच्या आधी बरोबर होता."

"हो."

"आणि माझी पद्धतही बरोबर होती."

"पद्धत एकदम बरोबर होती, बाबा. मीठ चुकलं."

बाबांनी मोठा श्वास घेतला. पाठ सरळ झाली. मग, जसा आगगाडीचा दुसरा डबा पहिल्यामागून येतो, तसा राग आला. "तीन वर्षं? तीन वर्षं मला बिनमिठाचं घातलंस? आणि मी जेवताना म्हणत होतो, आज आमटी छान झाली?"

"रोज म्हणत होतात."

"दादा, ऐकतोस का? सून आहे की कोण आहे ही?"

"ऐकतोय," काका म्हणाले. ते खुर्चीत बसले होते आणि त्यांनी एक फुगलेली सिगार हातात धरली होती. "अट माझी होती, तर निकालही मीच देतो. सिगार खराब झाल्यात. हे खरं."

"हो," बाबा म्हणाले. आवाज पुन्हा खाली गेला.

"पण मेल्या नाहीत. कोरड्या असत्या तर मेल्या असत्या. कोरडी पेटी म्हणजे कुणी बघितलंच नाही, असं असतं. अशा घरात मी एक रात्र काढली नसती. या भिजल्यात. तूही बघतोस, तीही बघते, एकमेकांना न सांगता बघता, एवढाच दोष आहे घराला." त्यांनी सिगार ठेवली. "पुसून, निवडून, हळूहळू ओल उतरवली तर वीस-बावीस वाचतील. घाई केली तर पानं तडकतील. दीड-दोन महिने लागतील. पेटी द्या, मी घेऊन जातो."

"कुठे?"

"माझ्याकडे."

बाबांनी पेटीवर हात ठेवला आणि तो उचललाही नाही, दाबलाही नाही.

बोलली ती सून. "चौथ्या मजल्यावर, गच्चीखाली? काका, तिथे दोन दिवसांत कडकडीत होतील त्या. तुम्हीच आत्ता म्हणालात, हळूहळू. पेटी घरातून हलणार नाही."

"मग रोज कोण बघणार? हा? हा काट्याकडे बघतो. सिगारला हात कोण लावणार?"

"ज्याला कळतं त्याने लावावा. खाली खोली आहे. उत्तरेकडची, उन्हाळ्यातही थंड असते." ती धाकट्याकडे वळली. "आहे ना हो भाऊजी, थंड?"

"एकदम," धाकटा म्हणाला. "पियानोलाही ओल सांभाळावी लागते, म्हणून तर तिथे ठेवले होते. होते म्हणजे, आज संध्याकाळपर्यंत आहेत."

काकांनी एकेकाकडे बघितलं. फसवलं जात असल्याचं त्यांना कळत होतं. पन्नास वर्षं गिऱ्हाइकं बघितलेला माणूस तो. पण फसवणारे चौघं होते, आणि चौघांच्याही तोंडावर एकच भाव होता. असं त्यांनी फार दिवसांत कुठे बघितलं नव्हतं.

"एक पियानो राहू दे," ते धाकट्याला म्हणाले. "तारा लावल्यास तर. मला नुसती लाकडं नकोत."

"लावतो, काका."

"आणि दोन महिनेच. सिगार सुधारेपर्यंत."

"दोन महिनेच," बाबा म्हणाले आणि तोंड फिरवून खिडकी उघडायला गेले, जी उघडीच होती.

सून आतून रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आली, गोल तबकडीचं, जुनं. काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळू लागली.

"हे काय?"

"घरात नवीन आलेल्याचं मी आधी हे बघते."

थोरल्याने स्टेथोस्कोप कानाला लावून फुगा दाबला, हे काम त्याला येत होतं; ठोका ऐकू आला की तो बोट वर करणार होता. बाबा खिडकीवरून परत आले, चष्मा पुसला, तबकडीवर वाकले. सगळे थांबले. काकाही थांबले, त्यांनी भावाच्या टकलाकडे बघत श्वास धरून ठेवला होता.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," बाबांनी घरभर ऐकू जाईल असं सांगितलं.

"तुझी वाचायची पद्धत चुकली असेल."

"पद्धत बरोबर आहे." बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांत न दिसलेलं समाधान पसरलं. "सूनबाई, दादाच्या पानात त्या बरणीतलं."

"डॉक्टरांना विचारते आधी, बाबा. आजच्या दिवस नुसतं अळणी."

"अळणी?" काका म्हणाले. "अरे, मी आजारी सिगारसाठी आलोय इथे. मला काय झालंय?"

"काही नाही, दादा," बाबा त्यांच्या दंडाचा पट्टा सोडवत म्हणाले. "होते सवय. तीन वर्षं लागत नाहीत. मला तर पहिल्याच दिवशी आमटी आवडली होती."